कचराडेपोवरचा बेस कॅम्प

मनोहर निमकर एव्हरेस्ट बेस कॅम्पला निदान सहा वेळा जाऊन आलाय, अशी नेपरव्हिलच्या मराठी मंडळींची समजूत होती. तो एकदाही गेला नव्हता. पण डिंगबोचेला कुठल्या लॉजमध्ये संडास लांब आहे, गोरक शेपला पाण्याची बाटली पांघरुणात घेऊन झोपलं नाही तर सकाळी काय होतं, हे तो अशा काही अधिकारानं सांगायचा की कुणी विचारलंच नाही. त्यानंही आपण होऊन सांगितलं नाही. खोटं बोलला असं मात्र कुणाला म्हणता यायचं नाही.

मनोहर मूळचा नागपूरचा. तिथे सेमिनरी हिल्स नावाची एक टेकडी आहे, आणि तिला हिल्स म्हणणं हा नागपूरकरांचा मोठेपणा आहे. इकडे इलिनॉयमध्ये तेवढीही नाही. म्हणून जुन्या कचराडेपोवर माती आणि गवत चढवून सरकारनं गावाबाहेर पंधरा मजल्यांएवढी एक टेकडी केली आहे. तिच्यावर दर शनिवारी सकाळी मनोहरचा वर्ग भरायचा. पाठीवर सॅक, सॅकमध्ये डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानातून आणलेली वीस पौंडांची तांदळाची पिशवी. तीन तासांत वीस फेऱ्या. जमलं तर बेस कॅम्पला जायचं, नाही जमलं तर घरी बसायचं. परीक्षा एकदाच. "डोंगर दुसरा चान्स देत नाही," असं मनोहर सांगायचा, आणि लोक माना डोलवायचे.

बारा वर्षांत चौतीस जण जाऊन आले. अकरा जण घरी बसले. जाऊन आलेल्यांनी प्रत्येकी तिकडच्या रंगीत प्रार्थना-पताकांची एक माळ आणली. मनोहरनं त्या मागच्या डेकवर बांधल्या, तेव्हा सोसायटीचं पत्र आलं की, पार्टी संपली असल्यास कृपया सजावट उतरवावी.

तो स्वतः का गेला नाही याचं कारण साधं होतं. २०१३ साली तो व्हिसा स्टॅम्पिंगला मुंबईला गेला आणि चार महिने अडकला. परत आला तेव्हा ऑफिसात त्याच्या खुर्चीवर दुसराच माणूस बसलेला होता आणि चांगला रुळलेला होता. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत आता देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं बायकोनं, शुभानं, ठरवलं आणि मनोहरनं ते पाळलं. वडिलांचं तेरावं त्यानं फोनवर पाहिलं.

कार्ड गेल्या सप्टेंबरात आलं. डिसेंबरात तो आईला भेटून आला. जानेवारीत त्यानं एप्रिलच्या ट्रेकचं बुकिंग केलं.

"तुझी टेस्ट कोण घेणार?" शुभानं विचारलं.

"माझी कशाला?"

"अकरा माणसं घरी बसवलीस. त्यातलं एखादं एअरपोर्टवर भेटलं तर काय सांगशील?"

मनोहरनं तीन जणांना फोन केले. तिघेही पास झालेले होते. काकांची परीक्षा आपण घेणं बरं दिसत नाही, असं तिघांचंही मत पडलं. राहिला प्रसाद. डोंबिवलीचा, तेहतीस वर्षांचा, शिकागोच्या एका बँकेत कोडिंग करणारा. दोन वर्षांपूर्वी त्याला तीन तास चार मिनिटं लागली होती. मनोहर नाही म्हणाला, तसं त्यानं निमूट बुकिंग कॅन्सल केलं होतं.

"मी येतो ना काका," प्रसाद म्हणाला. "किती वाजता?" जरा जास्तच पटकन म्हणाला, असं मनोहरला वाटलं.

मार्चच्या पहिल्या शनिवारी प्रसाद घडीची खुर्ची, घोंगडी आणि कॉफी घेऊन टेकडीच्या पायथ्याशी बसला.

"काका, उतरताना गुडघा वाकवा. तुम्हीच सांगायचात."

"बोलू नकोस. मी मोजतोय."

"मोजायचं काम माझं आहे. तुम्ही फक्त दमा."

बर्फ वितळून चिखल झाला होता. बाराव्या फेरीला मनोहरची मांडी धरली. विसावी संपली तेव्हा प्रसादनं घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं. तीन तास नऊ मिनिटं.

"नापास," मनोहर म्हणाला.

"नापास," प्रसाद म्हणाला. "पुढच्या शनिवारी सात वाजता."

"डोंगर दुसरा चान्स..."

"डोंगर कुठे देतोय? मी देतोय."

दुसऱ्या शनिवारी तीन तास सात मिनिटं लागली. त्या दिवशी प्रसाद खुर्ची सोडून बरोबर चालला. आठव्या फेरीला मनोहरला मोठेपणा सुचला.

"तूपण चल एप्रिलला. एजंटला सांगून तुझं नाव घालतो."

"नाही जमणार. डिसेंबरात जॉब बदललाय. व्हिसाची पिटिशन पेंडिंग आहे. लॉयर म्हणते, देशाबाहेर पाऊल टाकू नका."

"किती दिवस?"

"तेवढंच ती सांगत नाही."

"आणि दोन वर्षांपूर्वी?"

"तेव्हा स्टॅम्प ताजा होता. तीन वर्षांचा. थांबलात का? घड्याळ चालू आहे, काका."

तिसऱ्या शनिवारी चौदाव्या फेरीला मनोहर माथ्यावर सॅकसकट खाली बसला.

"प्रसाद, तो तीन तासांचा आकडा आहे ना..."

"शेर्पा लोकांचा."

"असं मी कधी म्हटलं नव्हतं. तुम्ही लोकच तसं धरून चाललात."

"मग कुणाचा?"

"माझा. पहिल्या वर्षी मी वीस फेऱ्या मारून पाहिल्या. दोन अठ्ठावन्न झाले. वरची दोन मिनिटं सूट."

प्रसाद हायवेकडे बघत उभा राहिला.

"तेव्हा वय काय तुमचं?"

"बेचाळीस. आणि कुठे जायचं नव्हतं. सातही दिवस इथेच असायचो."

"म्हणजे बेस कॅम्पला जायला तीन तास लागत नाहीत."

"नाही."

"तीन चारवाला माणूस पोचला असता."

"आरामात."

"तुम्हाला जाता येत नव्हतं म्हणून आम्हाला अडवत होतात का, काका?"

नाही म्हणायला मनोहरनं तोंड उघडलं. "तेव्हा तसं वाटायचं नाही," तो म्हणाला. "आता वाटतं. चुकलं माझं."

प्रसादनं घड्याळात पाहिलं. "चौदावी फेरी. उठा."

त्या दिवशी तीन तास सहा मिनिटं झाली. आकडा सांगून प्रसाद गाडीत बसला आणि निघून गेला. पुढच्या शनिवारचं काही बोलला नाही.

"मी कॅन्सल करतो," घरी आल्यावर मनोहर बूट न काढताच म्हणाला.

"त्यानं प्रसादला काय मिळणार?" शुभा म्हणाली.

"मिळणार काही नाही. पण नियमात मी बसत नाही."

"नियम तुझाच."

"म्हणून तर."

"बूट काढ आधी. शनिवारी जा. तो आला नाही तर वीस फेऱ्या मारून परत ये. चिखल तरी दारात नको आणूस."

शेवटच्या शनिवारी मनोहर पावणेसातला पोचला. मंगळवारचं विमान होतं. प्रसादची गाडी आधीच उभी होती आणि प्रसाद खुर्चीत घोंगडी पांघरून बसला होता. गुड मॉर्निंगसुद्धा झालं नाही. मनोहर चढला, उतरला, चढला. खालून एकही शेरा आला नाही, आणि त्याशिवाय चढणं जास्त जड जात होतं. शेवटची उतरण त्यानं पळत घेतली, चोपन्नाव्या वर्षी, पाठीवर वीस पौंड तांदूळ घेऊन. खाली येऊन त्यानं गुडघ्यांवर हात ठेवले. त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत प्रसाद थांबला.

"तीन तीन," तो म्हणाला.

"नापास," मनोहर म्हणाला.

"हो, नापास." प्रसादनं खुर्ची मिटून गाडीत टाकली. मग तो परत आला, मनोहरच्या पाठीवरची सॅक त्यानं उतरवून घेतली आणि तीही गाडीत ठेवली.

"जाऊन या, काका."