चौथ्या पिढीचा सात

घरात सगळे त्याला स्क्रूकाका म्हणत. नाव पुतणीने ठेवलेलं, ती चार वर्षांची असताना. त्याच्या खिशातून सदा बारीक स्क्रू सांडायचे. जिन्याखालच्या वीतभर दुकानात बावीस वर्षं तो लॅपटॉप दुरुस्त करत होता. लग्न केलं नाही. थोरल्या भावाकडे जेवायचा आणि भावाचंच ऐकायचा.

दोन वर्षं घरी बसलेल्या पुतणीला अखेर काम मिळालं. पत्रात अट होती : लॅपटॉप स्वतःचा, प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा. सोमवारी नऊला तपासणी.

जुन्या लॅपटॉपच्या दुकानात दोन बरे होते. स्क्रूकाकाने पुठ्ठ्यावर तक्ता मांडला. एक नावाने सात, म्हणजे आय-सेव्हन : चौथी पिढी, दोन कोअर, वेग २.१. दुसरा नावाने पाच, म्हणजे आय-फाइव्ह : आठवी पिढी, चार कोअर, वेग १.६.

"दादा, पाचवालाच घ्या. कोअर म्हणजे कामाचे हात. याला चार आहेत. वेग कमी दिसतो, पण जोर लागला की वाढतो."

दादाने चष्मा कपाळावर चढवला. "साताहून पाच मोठा? शाळेत काय शिकलास रे? आणि पिढीचं मला सांगतोस? तीस वर्षं वारसनोंदी लिहिल्यात मी. चौथी पिढी मूळपुरुषाच्या जवळची. आठवीपर्यंत वाटण्या होऊन हातात उरतं काय?"

"यात उलटं असतं, दादा. पुढची पिढी ती नवी. आणि पत्रात किमान आठवी..."

"तेच ना! किमान आठवी, म्हणजे त्याहून खाली घसरू नका. आपण तर चौथीचा घेतोय!"

वहिनी हसल्या. "भावजी, तुमचे स्क्रूच ढिले झालेत हो!"

पुतणीही हसली. ते मात्र त्याला लागलं.

शनिवारी दादाचा त्या जुन्या लॅपटॉपच्या दुकानातून फोन आला. "हा सातच आहे ना? एवढंच सांग."

"सातच आहे, पण पिढी..."

"झालं तर!" फोन बंद.

परत लावायला किती वेळ लागला असता? फोन हातातच होता. दुकानही दोन गल्ल्या सोडून. पण त्याच्या मनात आलं, आपटू दे एकदा, कळू दे. त्याने फोन खाली ठेवला आणि उघडलेल्या लॅपटॉपचा पंखा पुसायला घेतला.

सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी तपासणी संपली. कंपनीची प्रणाली त्या लॅपटॉपवर चढलीच नाही. पुतणी दुपारपर्यंत मुदत मागत राहिली. तिची जागा दुसऱ्याला गेली.

दादाने तो पुठ्ठा त्याच्यापुढे आपटला. "तुझं अक्षर! फोनवर तूच म्हणालास, सातच आहे!"

स्क्रूकाकाने पुठ्ठा उचलला. आपटायचं होतं ते दादाने, आपटली पोर.

ती दाराशी उभी होती. "तुम्हाला माहीत होतं ना? मग परत फोन का नाही केलात?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण देवाने तेवढंही बळ त्या घटकेला दिलं नाही.

"राग आला होता," तो म्हणाला.

ती आत गेली.

आता दादा त्या लॅपटॉपवर पत्ते खेळतात. "सात आहे, पण तापतो फार," म्हणत महिन्याकाठी त्याच्याकडे आणतात, आणि तो निमूट पंखा साफ करून देतो. पुतणी अजूनही त्याला जेवायला हाक मारते. नुसतं 'काका' म्हणते.