वडशाच्या वाचनालयातलं जादूचं कपाट

वाचनालयात नोकरी केली की पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. पुस्तक काही दिवसांनी परत येतं आणि आपल्या जागेवर जाऊन बसतं. किस्सा वाचक टेबलावर ठेवून निघून जातो, आणि तो कुठे ठेवायचा हे ग्रंथपालाच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. मी वडशाच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. गावात मला लायब्ररीवाल्या बाई म्हणतात. पुढचे सगळे किस्से आमच्या एकाच कपाटाचे आहेत.

त्या कपाटात जादूच्या कादंबऱ्या आहेत. आम्ही त्या मागवल्या नव्हत्या. एका वर्षी पुरवठादारानं स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांऐवजी न खपलेल्या भाषांतरित कादंबऱ्यांचे खोके पाठवून दिले. ड्रॅगन, शापित राजे, बोलणारे डोंगर, आणि एकही गोष्ट एका पुस्तकात संपत नाही. अध्यक्ष म्हणाले, राहू द्या, पोरं वाचतील. पोरं आली नाहीत, मोठी माणसं आली. तीही तिघंच. हिवाळ्यात गावोगावी होणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करणारे देवाजीभाऊ, ग्रामीण रुग्णालयातली नर्स कुंदा आणि वनरक्षक मनोहर.

रविवारी दुपारी तिघं खिडकीजवळच्या बाकावर बसत. पुस्तकांची खरी नावं कोणी घेत नसे. ‘मिठाचा राजा’, ‘जहाजवाली’, ‘मुकी’, अशी आमची नावं ठरलेली. चुकून एखादा नवा वाचक त्या कपाटापाशी उभा राहिला की तिघं मिळून त्याला काय वाच, कोणत्या भागापासून सुरू कर, कुठे कंटाळा येईल पण सोडू नको, हे इतकं समजावून सांगत की तो माणूस पुन्हा दिसत नसे.

*

मनोहरची एकच अट होती. पुस्तकात जंगल नको.

आता जादूच्या कादंबरीत जंगल नाही म्हणजे लग्नात मांडव नाही. दुसऱ्या प्रकरणात नायक जंगलात शिरतोच. मनोहर तेवढं वाचून पुस्तक परत आणून द्यायचा. एकदा मी वैतागून त्याला कारण विचारलं.

“दिवसभर जंगलातच फिरून राह्यलो बाई,” तो म्हणाला. “घरी येऊन बी तेच वाचू का?”

शेवटी मी त्याला ‘जहाजवाली’ दिली. सगळीच्या सगळी समुद्रावरची मालिका. जमीन लागते ती थेट तिसऱ्या भागात, आणि तीही बर्फाची. मनोहरनं ती दोनदा वाचली. त्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता. कुंदा एकदा शाळेच्या सहलीत कोकणात जाऊन आली होती, तिला तो सारखं विचारायचा की समुद्र खरंच एवढा मोकळा असतो का. झाड नाही, झुडूप नाही, काहीच नाही? कुंदा म्हणाली, नाही, नुसतं पाणी.

“मंग तिथली ड्युटी बरी,” तो म्हणाला. “कोण अंगावर येऊन राह्यला ते दुरूनच दिसत असन.”

त्याच महिन्यात त्याच्या बीटमध्ये, म्हणजे गस्तीच्या हद्दीत, वाघानं सरपणाला गेलेली बाई नेली होती. ती सापडली तेव्हा सगळ्यांत पुढे मनोहर होता. हे आम्हाला त्यानं नाही, दुसऱ्याच कोणी तरी सांगितलं.

*

मग आमच्याकडे रानहत्ती आले. छत्तीसगडच्या बाजूनं कळपचा कळप उतरला. इथल्या म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा हत्ती पाहिला होता तो सर्कशीत. कादंबरीत असं वाचलं असतं तर आम्ही म्हटलं असतं, लेखकानं फेकलंय.

मनोहरची रवानगी कळपामागे झाली. रविवारचं येणं कमी झालं. आला तरी बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. एका रविवारी मात्र त्यानं एका आजीची गोष्ट सांगितली.

कळप रात्रीतून तिच्या धानाच्या बांधीतून गेला होता. लोंब्या भरलेलं धान चिखलात झोपलेलं. मनोहर सकाळी पंचनाम्याला पोचला तेव्हा आजी हत्तीच्या पावलाच्या ठशापाशी बसली होती. पाऊल परातीएवढं, त्यात पाणी साचलेलं. आजीनं त्याच्या काठानं हळद-कुंकू वाहिलं होतं आणि हात जोडले होते. मनोहरला ते पाहवेना. तो म्हणाला, आजी, हा देव नाही, जनावर आहे.

आजीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, “मालूम हाये बापा मले. पण जनावर म्हनलं का राग येते. अन् एवढा राग घेऊन सालभर कशी जगू? देव म्हनलं का गप बसता येते.”

मनोहरनं एवढंच सांगितलं आणि ‘जहाजवाली’चा दुसरा भाग तिसऱ्यांदा घेऊन गेला.

*

कुंदा पुस्तकं वाचायची तशी वाटायचीही. वॉर्डात पडून राहिलेल्या पेशंटला इंजेक्शनबरोबर पुस्तक. अनेकांनी ते उशाखाली घेतलं, इतकंच. पण एक कॉलेजातली मुलगी होती. सिकलसेलची पेशंट. अंग असं दुखायचं की चादरीचा स्पर्शही नको व्हायचा. कुंदानं तिला ‘मिठाचा राजा’चा पहिला भाग दिला. दुखणं उतरेपर्यंत तो संपला आणि ती गावी गेली.

काही महिन्यांनी पुन्हा भरती. स्ट्रेचरवरूनच तिनं दुसरा भाग मागितला. मग तिसरा. असं ते ठरूनच गेलं, एक दुखणं, एक भाग. कुंदा मला म्हणायची की आता ते पुस्तक हातात घ्यायची भीती वाटते, पुढचा भाग दिला म्हणजे ती पुन्हा येणार असं वाटतं. मी म्हटलं, असं कुठे असतं का? पण तिसरा भाग परत देताना ती मुलगी स्वतःच म्हणाली, “सिस्टर, किती भाग हायेत याचे? संपले तर मले इथी यायचं कामच पडणार नाई.”

कुंदा दुपारच्या सुट्टीत तशीच ॲप्रनवर वाचनालयात आली. राहिलेले सगळे भाग द्या म्हणाली. आमच्याकडे एका वेळी एकच पुस्तक मिळतं. मी सगळे दिले.

मुलगी त्यानंतर आली नाही. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. कुंदा चांगलं ते धरून चालली होती, वाईट ते बोलत नव्हती. मग एकदा आरमोरीच्या बाजारात ती मुलगी तिला समोरासमोर दिसली. जिवंत, उभी, गळ्यात मंगळसूत्र, शेजारी नवरा आणि सासू. कुंदाचा जीव इतका हलका झाला की ती हसतच पुढे गेली.

मुलीनं तिला पाहिलं. ओळखलं. आणि डोळ्यांनीच, अगदी बारीक, नाही म्हटलं.

सासरी आजाराचं सांगितलेलं नव्हतं. कुंदाला एका क्षणात कळलं. तिनं भाजीवाल्याकडे तोंड वळवलं आणि नको असलेली भेंडी घेतली. मागून सासूचा आवाज आला, कोण होती गं ती? मुलगी म्हणाली, कोण की, माहीत नाही.

“कोणत्या भागावर हाये, एवढं तरी विचारायचं होतं मले,” कुंदा म्हणाली. ते भाग अजून आमच्याकडे परत आलेले नाहीत. मी मागायला माणूस पाठवलेला नाही.

*

देवाजीभाऊंना पुस्तकातले नायक आवडत नसत. ते खलनायकासाठी वाचत. मिठाच्या राजाचा क्रूर सेनापती त्यांना एवढा आवडला की त्या हिवाळ्यात त्याचं हसू त्यांनी नाटकात घेतलं. आवाज न चढवता, दातांच्या फटीतून. एका गावी ते हसू ऐकून एक म्हातारी नातवंडांना उचलून मंडपाबाहेर गेली. देवाजीभाऊ हे महिनाभर सांगत होते. पुरस्कार मिळाला तरी माणूस एवढा खूश होत नाही.

सुपारी-तंबाखूचा खर्रा ते तरुणपणापासून खात. बोलायच्या आधी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचे. आवाज बसला तेव्हा सगळ्यांनी सीझनची दगदग म्हणून सोडून दिलं. नागपूरला नेईपर्यंत उशीर झाला होता. जीव वाचला. स्वरयंत्र काढावं लागलं.

पुढच्या सीझनला कंपनीनं दुसरा खलनायक घेतला. त्याचं पोस्टर आमच्या वाचनालयाच्याच भिंतीवर लागलं. देवाजीभाऊ त्या पोस्टरसमोरून आत आले, गळ्याला रुमाल बांधलेला. मोबाईलवर टाइप करून त्यांनी मला दाखवलं, ज्यात मुख्य माणूस बोलत नाही असं बुक द्या.

मी ‘मुकी’ दिली. चेटकिणीनं वाचा नेलेल्या मुलीची चार भागांची मालिका आहे. हातांच्या खुणांनी ती लढाया जिंकते, राज्य चालवते. धान कापणीचे दिवस होते, घरचे सगळे शेतात. देवाजीभाऊ एकटे ओसरीत बसून वाचत. पहिला भाग संपल्यावर त्यांचा चेहरा जरा उजळला होता. दुसऱ्यानंतर त्यांनी त्या मुलीच्या दोन-तीन खुणा आम्हाला करून दाखवल्या आणि कुंदा हसली.

चौथा भाग परत द्यायला आले तेव्हा त्यांनी पुस्तक टेबलावर जरा जोरातच ठेवलं. मोबाईल पुढे केला. शेवटी तिला आवाज परत भेटते, असं लिहिलं होतं.

मी म्हटलं, “मग चांगलंच झालं की, भाऊ.”

त्यांनी मोबाईल परत घेतला. पुसलं, पुन्हा टाइप केलं. स्क्रीन माझ्यासमोर धरला.

“मले काऊन देलं मंग?”

*

मनोहरची बदली आलापल्लीला झाली होती. बायको, शुभांगी, मुलीच्या शाळेसाठी वडशातच राहिली. वाघानं, हत्तींनी त्याला काही केलं नाही. भरदिवसा डांबरी रस्त्यावर, मोटरसायकलवर असताना, मागून आलेल्या ट्रकनं त्याला उडवलं.

तेरवी झाल्यावर शुभांगी त्याच्याकडे राहिलेलं पुस्तक द्यायला आली. मी ते घेतलं. ती गेली नाही. कपाटासमोर उभी राहून म्हणाली की त्याला यात एवढं काय दिसायचं ते पाहायचं आहे. त्यानं वाचलेलं नको होतं तिला, बघवत नव्हतं. मी ‘विणकरीण’ दिली. मागावर वादळं विणणारी बाई, पाच भाग. नवरा पहिल्याच भागात लढाईत मरतो, आणि ती एकटी राज्यभर फिरते. वाटलं, एकट्या बाईची गोष्ट आहे, हिला चालेल.

शुभांगी भराभर वाचत गेली. मधूनमधून दुसऱ्या मालिकाही नेल्या. मग एका रविवारी ती चौथा भाग घेऊन आली. बाकावर कुंदा होती, देवाजीभाऊ होते. शुभांगी बसली नाही.

“बाई, या साऱ्या बुकाईत मेलेला माणूस वापस येते,” ती म्हणाली. “कोणी धुक्यातून येते, कोणी पक्षी होऊन येते. वाचून वाचून माह्यं ध्यान दरवाज्याकडेच रायते. काल मोटरसायकल वाजली तं मी उठून गेली. शेजारचा होता.”

ती कपाटाकडे वळली.

“असं एक बुक द्या, ज्यात मेला तं मेला.”

मी उठले. कुंदाही आली. आम्ही दोघींनी वरपासून खालपर्यंत एकेक पुस्तक आठवत कपाट पाहिलं. कुंदा एखाद्यावर बोट ठेवायची आणि तिलाच शेवट आठवून बोट काढून घ्यायची. पूर्ण कपाटात तसं एकही नव्हतं.

शुभांगी हातातल्या पुस्तकाकडे पाहत होती. “याचा पाचवा भाग राह्यला,” ती म्हणाली. “तिचा नवरा येते का त्यात?”

आम्ही तिघांनीही वाचला होता. कुंदानं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे.

देवाजीभाऊ बाकावरून उठले. कपाटातून ‘विणकरीण’चा पाचवा भाग काढला, टेबलावर उघडा ठेवला आणि मागून पानं उलटत आले. एका ठिकाणी थांबले. पुस्तक तळहातानं नीट दाबून धरलं आणि शेवटचं प्रकरण मुळापासून फाडलं. पानं घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. पुस्तक बंद करून शुभांगीपुढे सरकवलं.

शुभांगीनं मागचं पान उघडून पाहिलं. बोटानं शेवटची ओळ वाचली.

“इथीच संपते न?” तिनं विचारलं.

देवाजीभाऊंनी मान डोलावली.

मी पुस्तक घेतलं आणि तारखेचा शिक्का मारला.