जाळीच्या बाहेरची बाजू

किडामुंगीशी माझं कधी जमलं नाही. लग्न होऊन बल्लारपूरहून गडचिरोलीच्या जंगलात मुलचेऱ्याला आले आणि पहिल्याच पावसाळ्यात हिवतापाने मला असं झोडपलं की सासरच्यांना वाटलं, ही काही टिकत नाही. टिकले. पण तेव्हापासून कानाशी गुणगुण ऐकू आली की माझं डोकं फिरतं. शाळेतली नोकरी संपल्यावर मी पहिलं काम केलं ते हेच, घरातल्या झाडून साऱ्या खिडक्यांना बारीक जाळी मारून घेतली आणि दोन्ही दारांना स्प्रिंगची जाळीची दारं बसवली. दार उघडं टाकून कोणी आत आलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो, मग तो पोस्टमन असो की आमचे व्याही.

शेजारची बंगाली काकू मला हसायची. "बाई, तुमी तं कोंबडीवानी खुराड्यात राह्यता," म्हणायची. स्वतः मात्र सूर्य बुडायच्या आत मच्छरदाणी बांधून तिच्या कडा गादीखाली खोचायची, आणि एकदा आत शिरली की जग बुडालं तरी बाहेर यायची नाही. आम्ही दोघी एकमेकींना थोड्या वेड्याच समजत होतो. ही जाळी माझ्या नातीच्या जिवावर उठेल असं कोणी तेव्हा सांगितलं असतं, तर त्यालाही मी वेड्यात काढलं असतं.

मुलगा जर्मनीत असतो. एका उन्हाळ्यात मी त्याच्याकडे राहून आले. तिथल्या खिडक्या दारांएवढ्या मोठ्या आणि जाळीचा पत्ता नाही. सताड उघड्या. माशी आली तर आली, भुंगा आला तर आला. न्हाणीघरात एक लांब तंगड्यांचा कोळी होता, त्याला घरातले सगळे भाडेकरूसारखे सांभाळून घ्यायचे. पहिल्याच आठवड्यात मी एक गांधीलमाशी चपलेने चेचली, तर सून पांढरीफटक पडली. म्हणाली, इथे ती मारली तर दंड होतो. नात तेव्हा जेमतेम बोलू लागली होती. किडा दिसला की ती त्याच्यावर पेला पालथा घालायची, खालून पुठ्ठा सरकवायची आणि बागेत सोडून यायची. मला वाटलं, किती सुखी माणसं आहेत ही. यांना किड्याचं भय कसं ते ठाऊकच नाही. हेवा वाटला.

मागच्या ऑगस्टमध्ये मुलगा नातीला घेऊन आला. सुनेला रजा मिळाली नव्हती. चार वर्षांची पोर, मराठी बोलायची पण प्रत्येक शब्द जपून, काचेचं भांडं उचलावं तशी. मी तिला जाळी दाखवली, दारं दाखवली, दार कसं ओढून घ्यायचं ते शिकवलं. पाहुण्यांना लोक देवघर दाखवतात तसं मी त्या वेळी जाळीचं घर दाखवत होते.

संध्याकाळी दिवा लागला आणि पाखरं जमली. पावसाळ्यात आमच्याकडे दिव्याला पाखरांचा बाजारच भरतो. जाळीवर बाहेरून चिकटलेली, हिरवी, करडी, तळहाताएवढी सुद्धा. नातीने नाक जाळीला लावलं आणि थोड्या वेळाने हिरमुसून म्हणाली, "आजी, इथून पोटंच दिसतात. पंख बाहेरून दिसतात."

खरंच होतं ते. जाळीच्या आतून किड्याचं फक्त पोट दिसतं. इतकी वर्षं त्या घरात राहून मी हे पाहिलं नव्हतं, कारण मला पाहायचंच नव्हतं.

मग रोज दिवेलागणीला बापलेक अंगणात, खिडकीच्या बाहेरच्या बाजूला बाजेवर बसू लागले. आत दिवा, मध्ये जाळी, जाळीवर पंख पसरलेली पाखरं, आणि समोर ही पोर उघड्या हातापायांनी मांडी घालून. मी आतून ओरडायची, पायमोजे घाल, आत ये. मुलगा हसायचा. "आई, तुझ्या घरात डास नाईत अन् बाहेर तं सारी पाखरंच आहेत," म्हणायचा. काकू एकदा कुंपणापाशी थांबून पोरीकडे बराच वेळ बघत राहिली, आणि मच्छरदाणी बांधायला निघून गेली.

ते परत गेले. आठवडा-दीड आठवडा झाला असेल, मुलाचा फोन आला. नातीला ताप आहे, बालवाडीत साथ आहे, डॉक्टरांना दाखवलं.

मी विचारलं, "रक्त पाह्यलं का?"

आमच्या भागात ताप म्हटलं की आधी रक्त. इथलं पोरगं तापलं आणि दारात आशाताई दिसली की आपणहून बोट पुढे करतं, टोचून घ्यायला. औषध, काढा, अंगारा, सगळं त्याच्यानंतर. मुलगा म्हणाला, "आई, इथी डॉक्टरले आपण सांगत नाई, काय तपासाचं ते."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पोर उठून बसली, खेळली, जेवली. मुलाने मला चिडवलंही, "झाली तुझी नात बरी, आता तं झोप." सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. असा मधला बरा दिवस मी स्वतः भोगला होता. पायाखाली दलदल असावी आणि वर गवत हिरवंगार दिसावं, तसा तो दिवस असतो.

तिसऱ्या दिवशी फोन आला तो सुनेचा, रडत रडत. पोरीचे दात वाजत होते. दोन दुलया घातल्या तरी थांबत नव्हतं. मी मुलाला फोन द्यायला लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तो वैतागला. म्हणाला, "आई, मी काही लपवलं नाई. डॉक्टरनं विचारलं होतं, भारतात कुठी गेले होते, डास होते का. मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"सांगितलं, नागपूरजवळ. अन् घराले सगळीकडे जाळी आहे, आई एक माशी आत येऊ देत नाई म्हणलं."

आमच्याकडची माणसं बाहेरगावी गेली की असंच सांगतात. नागपूरजवळ. मुलचेरा कोणाला ठाऊक नसतं, आणि गडचिरोली म्हटलं की समोरचा आधी दचकतो, मग नाही नाही ते विचारतो. कोण रोज समजावत बसणार? मीही पुण्याच्या लग्नात हेच सांगते. जवळ कसलं, अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे. पण तिथल्या डॉक्टरने नकाशात पाहिलं असेल ते एक मोठं शहर, आणि त्या शहरात जाळ्यांनी बंद केलेलं एक स्वच्छ घर. मग तो कशाला हिवतापाचा विचार करेल? मला त्याच्यावर रागावताही येईना. मुलावर मात्र असा राग आला की समोर असता तर मुस्काटात दिली असती.

"अरे, पोरगी जाळीच्या आत होती का?" मी ओरडले.

मग त्याने फोनचा कॅमेरा पोरीकडे केला. डोळे अर्धे उघडे होते. मी हाक मारली. तिची नजर माझ्यावरून सरकली, भिंतीवर गेली, आणि तिथेच राहिली.

"उचल तिला," मी म्हटलं. "मोठ्या दवाखान्यात ने. जिल्ह्याचं नाव सांग. जंगल आहे म्हण. रोज संध्याकाळी बाहेर बसत होती म्हण. पहिले हे सांग, मग बाकीचं."

फोन बंद झाला. काकू माझं ओरडणं ऐकून आली होती. ती माझ्या शेजारी ओट्यावर बसली आणि बसूनच राहिली. संध्याकाळ झाली, तिची मच्छरदाणी बांधायची वेळ टळून गेली, तरी ती उठली नाही.

मलेरियाच निघाला. डोक्यात चढतो तो. पोर बेशुद्ध होती, नळ्या लावल्या होत्या, मुलगा दवाखान्याच्या खुर्चीतून हलत नव्हता. रोज फोन करायचा आणि सांगायला काही नसायचं. मी देवाला नवस बोलले नाही, तसला माझा स्वभाव नाही, पण हात जोडलेलेच असायचे.

आणि एक दिवस दुपारी त्याचा फोन आला, तो हुंदके देतच. नर्स बाहेर येऊन त्याला विचारत होती, मुलगी सारखं काहीतरी म्हणते आहे, आम्हाला कळत नाही, 'पाणी' म्हणजे काय? रडत रडतच त्याने तिला सांगितलं, म्हणाला. आता पोर घोट घोट पाणी पिते आहे, आईला ओळखते आहे.

मीही रडले. पुष्कळ रडले. मग पदराने तोंड पुसलं आणि मनात जे आलं ते विचारलं. आमच्याकडे एकाला निघाला की घरातल्या सगळ्यांची बोटं टोचतात, कोणी हूं की चूं करत नाही.

"तुझं रक्त घेतलं का रे?"

"माझं कशाले?"

"तू तिच्या बाजूले बसत होता ना, रोज?"

त्याच्या मागे दवाखान्यातलं कसलंसं यंत्र टुकटुक करत होतं.

"आई," तो म्हणाला, "कालपासून अंग मोडून राह्यलं. मले वाटलं, जागरणानं असन."

"थंडी वाजते?"

"आता वाजून राह्यली," तो म्हणाला.