भिंतीखालची गळती

इसवी सन २०२४, महिना मार्च, तिथीने फाल्गुन. ऋतू शिशिर; पण आमच्या भिवंडीत तो पंचांगापुरताच, बाहेर गोदामांचे पत्रे तापू लागलेले असतात. त्या महिन्यात शेलार गावातल्या आमच्या बंगल्यामागील पोहण्याच्या तलावातून पाणी नाहीसे होऊ लागले. तलावात पाणी ठरेना. किस्से मात्र भराभर साठत गेले. आमच्या भिशीतील बायका ते अजून मागून मागून ऐकतात आणि आपापल्या सोयीने त्यांत भर घालतात. म्हणून एकदा नीट, क्रमाने सांगते.

प्रारंभीच स्पष्ट करते, तलाव ही माझी हौस नव्हे. ती माझा मुलगा जयेश याची. तलाव झाल्यावर जयेश आणि त्याचा चुलतभाऊ हेमंत यांनी वाटणी केली आणि सामाईक अंगणात पुरुषभर उंच भिंत घातली. पलीकडे हेमंतची आई, म्हणजे माझी थोरली जाऊ, आक्का. आम्हा दोघींत भांडण कधीच नव्हते. एकाच पायरीवर बसून आम्ही वाल सोलले, एकमेकींची मुले न्हाऊ घातली. पण आता तिच्या दारी जायचे तर गोदामांच्या ट्रकांमधून रस्त्याने वळसा घ्यावा लागतो, आणि आमचे गुडघे त्याला संमती देत नाहीत. मला ‘गो’ म्हणून हाक मारणारे माणूस आता तेवढे एकच उरले आहे.

*

जयेशचे म्हणणे, पाणी ऊनच पिते. तलावाच्या कामातील जाणकार म्हणून सावंत नावाचे गृहस्थ आले. त्यांनी एक बादली भरून तलावाच्या पायरीवर ठेवली आणि बादलीतील व तलावातील पाण्याच्या पातळीवर खुणा केल्या.

“ऊन दोन्हीकडचं पाणी सारखंच पिईल, काकू. तलावाचं जास्त उतरलं तर गळती समजा.”

मला हे तर्कशुद्ध वाटले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर दोन्ही पातळ्या खुणांच्या वर! सावंत चष्मा पुसू लागले. तेवढ्यात आमचा माळी काशिनाथ मोठ्या अभिमानाने पुढे आला.

“साहेब येनार म्हनून दोनी भरून ठेवलं. बादली पन!”

*

बादली पुन्हा ठेवली, काशिनाथला समज दिली, आणि गळती सिद्ध झाली. मग ती कोठे, हा प्रश्न. सावंत एका पिचकारीतून रंगाचा थेंब पाणी जाण्याच्या प्रत्येक जाळीपाशी अलगद सोडीत. जेथे गळती, तेथे रंग ओढला जाणार. काम सावकाशीचे, आणि जयेशकडे सावकाशी हा गुण लहानपणापासून नाही. त्याचा एक मित्र नारपोलीला कापड रंगवण्याच्या कारखान्यात आहे. त्याच्याकडून तो रंगाचा पुडा घेऊन आला.

“आई, थेंबाथेंबाने काय होणार? सगळंच रंगवू!”

संपूर्ण तलाव राणी रंगाचा झाला. सावंत मटकन खाली बसले.

सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. भिंत झाल्यापासूनची पहिली!

“काय गो सुमती, माज्या कोंबऱ्यांचं पाय कोनी रंगवलं? आता लग्नाचा मांडव पन तूच घाल!”

आक्काच्या अळूच्या वाफ्यात, तिच्या कोंबड्या जेथे उकरतात तेथे, राणी रंगाचे पाणी पाझरत होते. तो अळू यंदा एवढा का माजला, याचाही उलगडा झाला. मला हसू आवरेना. भिंतीला हात टेकून मी हसत राहिले, आणि हसता हसता डोळे का भरले ते जयेशला कळले नाही.

*

पाणी भिंतीच्या दिशेने जाते म्हणजे दोष जमिनीखालच्या पाइपात. सावंतांनी पाइपाची तोंडे बंद करून त्यात हवा भरली आणि डॉक्टरांसारखे एक यंत्र कानांना लावून जमिनीवर ऐकत निघाले. भिंतीपाशी येताच ओरडले, “सापडली! केवढी घरघर!”

पलीकडे आक्काचा मिक्सर चालू होता. ती मसाला वाटत होती!

मिक्सर थांबला आणि खरी गळती सापडली. बारीक, अखंड फुसफुस; थेट भिंतीच्या पायाखाली. भिंतीच्याच वजनाने पाइपाचा सांधा उचकटला होता. खात्री करावी म्हणून मी यंत्र मागून घेतले. फुसफुस होतीच, पण तिच्याआडून आक्काही ऐकू येत होती. कोंबड्यांना दाणे टाकताना ती त्यांच्याशी बोलत होती, दिवसभरात काय काय झाले ते सगळे. पूर्वी हे ती मला सांगत असे.

“काकू, ऐकू येतंय ना?” सावंतांनी विचारले.

“येते आहे. थांबा जरा.”

ते यंत्र मी बराच वेळ परत केले नाही.

*

भिंत फोडल्याशिवाय पाइप मिळणार नव्हता, आणि दोघेही भाऊ अडून बसले. हेमंत म्हणे, भिंतीला हात लावायचा नाही. जयेश म्हणे, मग मी तलावच मातीने बुजवतो, गळती नको आणि विनवणीही नको.

आक्काने आपल्या मुलाला भर अंगणात सुनावले, “भिंत तुजी, पन तोंड माजं दुकलं ना त्या कोंबऱ्यांशी बोलून! फोर मुकाट्यानं!”

हेमंतने एका अटीवर मान्य केले: पाइप बदलला की भिंत होती तशी बांधायची.

काम सुरू झाले. भगदाडातून आक्का येई, मी जाई. प्लंबर वेळेवर येत नसे. आयुष्यात प्रथमच मी कोणाला उशिराबद्दल बोलले नाही.

*

दहा मे, अक्षय्य तृतीया. तलाव काठोकाठ भरला होता, पाणी खुणेवर स्थिर होते. सावंतांनी पेढे वाटले. जयेश म्हणाला, “आता भिंत बंद करून टाकू.” करीम मिस्त्रींनी सिमेंट कालवले, वळून पाहिले आणि थबकले.

“अम्मा, यहाँ ईंटां रखेली थी. किदर गयी?”

भगदाडापलीकडे धूर निघत होता. आक्का नव्या चुलीवर तांदळाची भाकरी भाजत होती. चूल चांगली प्रशस्त होती आणि तिच्या दोन्ही अंगांना टेकून बसण्याजोगा एकेक ओटा होता.

“काय बगतंस, भाऊ? चूल हाय. पेटलेली चूल कोन मोरतं का?”

करीमभाईंनी जयेशकडे पाहिले. जयेशने हेमंतकडे पाहिले. मग दोघांनी माझ्याकडे. कारण खरेखोटे करायची वेळ आली की आमच्या घरात मलाच विचारतात.

“आई, तूच सांग. त्या विटा भिंतीच्याच ना?”

मी चष्मा लावला, पुढे वाकून त्या विटा नीट न्याहाळल्या.

“चुलीच्या दिसतात,” मी म्हटले.