कोपऱ्यातलं गोल बटण

आधीच सांगते, आमचं घर बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञावालं. भूतखेत, अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची... असलं काही आमच्याकडे चालत नाही. लहानपणी एकदा मांजर आडवं गेलं म्हणून मी थांबले, तर बाबांनी मला त्याच जागेवरून चार वेळा ये-जा करायला लावलं होतं. तेव्हा हे असले अनुभव मी आजवर वाचले ते चहाबरोबर, टाइमपास म्हणून. आणि लिहिणाऱ्याला मनातल्या मनात म्हणायचे, अरे बाबा, आधी वायरिंग चेक कर ना! आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय. हसा खुशाल.

मी सुनंदा. अंबरनाथ वेस्टला चाळीत दोन खोल्या, तिथे मी आणि बाबा. आई जाऊन सहा वर्षं झाली. माझं काम उल्हासनगर कॅम्प तीनला, जुन्या लॅपटॉपच्या दुकानात. सेठ सिंधी आहे, मला ‘अदी’ म्हणतो, म्हणजे ताई. आमची वाटणी ठरलेली — मशीन उघडणं, जोडणं, सोल्डरिंग सगळं सेठचं, सॉफ्टवेअर माझं. जुन्या मशीनवर विंडोज नुसतं रांगतं, म्हणून मी लिनक्स टाकून देते. अकरा वर्षं हेच करतेय. त्यामुळे ‘या बाईला काय कळतंय’ असं कोणाच्या मनात आलं असेल तर त्यानं वाचणं इथेच थांबवावं.

बाबा कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. पण आमच्या एरियात त्यांची ओळख म्हणजे त्यांचा आवाज. विहारातला कुठलाही कार्यक्रम असो, माईक बाबांच्या हातात. काय खणखणीत आवाज होता! तोच गेला. घशाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. जीव वाचला, पण आता गळ्याला भोक, त्यात नळी, आणि श्वास त्या नळीतून. त्या नळीच्या आत अजून एक बारीक नळी असते, ती रोज काढून धुवायची. कफ सुकून तिच्यात अडकला तर श्वास बंद. हे मी तोंडपाठ केलं होतं आणि शेजारच्या मंगलकाकूंनाही दोनदा करून दाखवलं होतं.

बोलायचं कसं, हा प्रश्न होता. मोबाइलवरचं टायपिंग बाबांना जमेना. चाळीस वर्षं लोखंड घासून बोटं अशी राठ झालीत की टचस्क्रीनला ती कळतच नाहीत. पाटीवर लिहायचे, पण समोरचा पाटीकडे बघेल तेव्हा ना! साध्या फोनवरून मला मिस्ड कॉल द्यायचे, तर त्यातून काही कळायचं नाही — पाणी संपलं, चष्मा हरवला की मॅच लागली. दिवसाला पंधरा मिस्ड कॉल. शेवटी शेवटी मी चिडून बघणंच सोडलं.

मग डोक्यात आलं, बटणं! दुकानात एक जुना लॅपटॉप होता, कीबोर्डच्या वर जादा बटणांची पट्टी असलेला — मेल, कॅल्क्युलेटर, गाणी, असल्या कामांची. सेठला म्हटलं, हा मला द्या. तो म्हणाला, “ले जा अदी, अंकल के लिए पूछना क्या.” विहारातल्या एका दादाकडे जुन्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग मिळालं. त्यातून बाबांच्याच आवाजाचे तुकडे कापले आणि एकेका बटणाला एकेक तुकडा लावायचा ठरवला. ‘जय भीम’, ‘या, बसा’, ‘पाणी द्या’, आणि बाबांच्या खास आग्रहाने ‘कृपया शांतता राखा’.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिनक्समध्ये एक छोटा प्रोग्राम असतो. तो चालू ठेवून बटण दाबलं की त्या बटणाचा नंबर स्क्रीनवर येतो. नंबर मिळाला की त्याला आपलं काम बांधायचं, बस. काही बटणं आडमुठी असतात, त्यांचा नंबर येत नाही. पण सिस्टिमच्या लॉगमध्ये, म्हणजे तिच्या नोंदवहीत, तरी एक ओळ पडते की बाबा रे, अनोळखी बटण दाबलंय, याला ओळख दे. मग एक कमांड देऊन त्याला नंबर द्यायचा. अशी दोन आडमुठी मी सरळ केली. पहिल्यांदा लॅपटॉपमधून बाबांचा ‘जय भीम’ घुमला तेव्हा मंगलकाकू हातातलं पीठ तसंच ठेवून धावत आल्या. बाबा रडले. मी पण रडले, त्यात लाजायचं काय?

मग तर त्यांना खेळणंच मिळालं. चाळीतली पोरं दारात कल्ला करायला लागली की बाबा आरामात बटण दाबायचे — “कृपया शांतता राखा!” पोरं आणखी कल्ला करायची, परत ऐकायला मिळावं म्हणून.

राहिलं एक बटण. पट्टीपासून लांब, उजव्या कोपऱ्यात एकटं, त्यावर गोल चिन्ह. बाबांनी पाटीवर लिहिलं — ‘हे तुला बोलावण्यासाठी.’ बरोबर होतं त्यांचं. बाकीची बटणं चिकटून, चष्मा नसला की चुकीचं दाबलं जायचं. हे मात्र चाचपडूनही सापडायचं. मी लगेच एक स्क्रिप्ट लिहिली. ती चालली की इंटरनेटवरून माझ्या मोबाइलवर ‘सुनंदा, ये’ असा मेसेज आणि सोबत मोठ्ठा भोंगा. हाताने कमांड देऊन चालवून बघितली, फर्स्ट क्लास.

पण ते गोल बटण! नंबर नाही. लॉगमध्ये ओळ नाही. काही म्हणजे काहीच नाही. चार संध्याकाळी मी त्याच्याशी झगडले. फोरम वाचले, सेटिंगं उलटीपालटी केली, लिनक्सचा गाभा असतो ना, कर्नल, तोही बदलून बघितला. बटण ढिम्म. पाचव्या दिवशी मी दमून घरी आले, अजून चप्पलही काढली नव्हती, तर बाबांनी पाटी समोर धरली — ‘गोल झालं?’

मी ओरडले, “हो, झालं! दाबा आणि बघत बसा!”

खोटं बोलले. सरळसरळ खोटं. मनात होतं की रविवारी निवांत बसून दुसरं एखादं बटण मोकळं करीन आणि बाबांना त्याची सवय लावीन. बाबांनी मात्र हसून मान हलवली आणि गोल बटणावर एक लाल टिकली चिकटवली, आईच्या जुन्या डबीतली. ते बघून मला कसंतरी झालं, तरी मी काही बोलले नाही. आणि तो रविवार असाच गेला, दुकानात ऑर्डर होती म्हणून.

त्यानंतरच्या गुरुवारची गोष्ट. दुपारचे अडीच वाजून गेले होते. मी दुकानात एका कॉलेजच्या मुलीचा डेटा काढत बसले होते. माझ्या मोबाइलवर भोंगा वाजला. लगेच दुसरा. लगेच तिसरा. सेठ दचकून म्हणाला, “क्या हुआ अदी, आग लगी क्या?” स्क्रीनवर तीन मेसेज, एकाखाली एक — सुनंदा, ये. सुनंदा, ये. सुनंदा, ये.

खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. वाटलं, बाबांनी काहीतरी खुडबुड केलीय. आणि मग लक्षात आलं... ती स्क्रिप्ट कुठल्याच बटणाला बांधलेली नव्हती. बाबांनी सगळा कीबोर्ड कुटून काढला असता तरी ती चालायला नको होती.

मंगलकाकूंना फोन लावला. त्या बाजारात जायला पिशवी घेऊन पायरीवर उभ्या होत्या. म्हटलं, “काकू, आधी बाबांकडे बघा, धावा!” फोन चालूच होता. मला पिशवी पडल्याचा आवाज आला, मग काकूंची किंकाळी — “अगं बाई! सुनंदा, हे निळे पडलेत गं!”

“काकू, आतली नळी! फिरवा आणि ओढा! तुम्हाला दाखवलीय ना मी!”

“माझे हात थरथरतायत...”

“थरथरू देत, ओढा!”

मग दोन-तीन सेकंद काहीच नाही. त्या दोन-तीन सेकंदांबद्दल मला लिहिता येणार नाही. आणि मग फोनमधून तो आवाज आला, भोकातून हवा आत ओढल्याचा, घर्रर्र करून. तेवढा सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. सेठनं तोपर्यंत रिक्षा थांबवली होती, शेअरची होती ती, आतल्या दोन बायकांना हात जोडून त्यानं खाली उतरवलं आणि मला बसवलं. त्या दोघींनी एक शब्द काढला नाही. बायांनो, तुम्ही कोण होतात मला माहीत नाही, पण तुमचेही उपकार आहेत.

डॉक्टर म्हणाले, अजून दोन मिनिटं गेली असती तर कठीण होतं. बाबांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, तिथवर त्यांना जाता आलं नसतं. ओरडायला आवाज नाही. दुपारची चाळ झोपलेली, जाग्या त्या काकू, त्याही बाजाराला निघालेल्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी पाटीवर लिहून दाखवलं — ‘गोल ३ वेळा दाबलं. मग आठवत नाही.’

तीन वेळा. माझ्याकडे मेसेज तीन.

आता मी काय सोडणार होय? लॅपटॉप घेऊन बसले. स्क्रिप्टच्या नोंदीत दिसत होतं, ती तीनदा चालली, दोन छत्तीसला. पण चालवली कोणी? कमांड कोणी दिलेली नाही. टायमरला लावलेली नाही. बाहेरून कोणी घुसल्याचं चिन्ह नाही. बटणांच्या नोंदीत त्या वेळी एकही बटण दाबल्याची ओळ नाही. मी गोल बटण परत दाबून बघितलं, वीस वेळा. ढिम्म. मग मशीन दुकानात नेलं आणि सेठला म्हटलं, उघडा.

सेठनं वरचा पत्रा काढला आणि माझ्याकडे बघायला लागला. “अदी, ये तो मैंने तीन मशीन से एक बनाया था. ऊपर का पैनल दूसरे मॉडल का है. ये बटन तो सिर्फ शो का है... तूने पूछा ही नहीं कभी.” बटणाखाली सर्किटची चिमुकली पट्टी होती, आणि तिच्या पुढे काहीच नव्हतं. वायर नाही. मदरबोर्डवर ती लावायला सॉकेटसुद्धा नाही. कॅम्प तीनला असंच करतात, तीन मेलेल्या मशीनचं एक चालू करतात. हे मला अकरा वर्षं ठाऊक आहे. तरी चार संध्याकाळी मी सॉफ्टवेअरच खणत बसले, पत्रा उघडून बघावा हे सुचलंच नाही. सेठनं हळूच टोपी नीट केली, हात जोडले आणि म्हणाला, “अदी, मेरे को मत पूछ.”

घरी मंगलकाकूंचा निकाल तयार होता. “वहिनींनीच केलं हो. टिकली त्यांचीच होती ना!” बाबांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं आणि बटण दाबलं — “कृपया शांतता राखा.” काकू चिडून गेल्या, पण संध्याकाळी भाकरी-पिठलं घेऊन परत आल्या. त्यांच्या थरथरत्या हातांनी माझे बाबा वाचवलेत. त्यांनी काहीही मानावं, मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

मला मात्र आतून खात होतं ते वेगळंच. शेवटी बाबांच्या समोर जाऊन बसले. म्हटलं, “बाबा, मी खोटं बोलले होते. ते बटण कधी झालंच नव्हतं. त्याला वायरच नाही.”

मला वाटलं, आता रागावतील. रागावायलाच पाहिजे होतं. त्यांनी पाटी घेतली — ‘मग तुला कळलं कसं?’

“नाही माहीत, बाबा. खरंच नाही माहीत.”

पुसलं. विचार केला. लिहिलं — ‘तू झालं म्हणालीस म्हणून दाबलं. नाहीतर फोनकडे गेलो असतो, वाटेतच पडलो असतो.’

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं, मग खांदा हलवून पाटी परत नाकासमोर धरली. ‘थँक्यू म्हटलंस?’

“कोणाला म्हणू? आपण तर कोणाला मानत नाही!”

बाबांनी कपाळाला हात लावला, म्हणजे मी किती बावळट आहे ते. मग लिहिलं — ‘मानायला कुठे सांगतोय. उपकार झाले तर थँक्यू म्हणतात. चार लोकांत सांग, पोचेल.’

म्हणून हे लिहितेय. बोलवायचं काम आता मी चालू बटणाला बांधलंय, वायर स्वतः बघून. कोणाला त्या तीन मेसेजचं कारण सापडलं तर जरूर कळवा, मी वाद न घालता ऐकेन. मला अजून सापडलेलं नाही. पण कारण मिळो न मिळो, ज्यानं कोणी, जे काही केलं असेल... आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत, आतल्या खोलीत बाबा घर्रर्र करून खोकतायत आणि मला इथे ऐकू येतंय. थँक्यू.