बाकीचं चालू ठेवा

“धागा तुटला का माग थांबवाच लागते गा,” हेमराज एकदा म्हणाला होता. त्यात चुकीचं काय, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

तो नागपूरच्या विणकरांच्या घरातला. वडील मारोतराव साड्या विणत. ताण्यातला एक धागा तुटला की माग थांबे, आणि तो सांधेपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. तसंच विणत गेलं तर खोट पदरापर्यंत जाते. पुढे वडील गेले, माग भंगारात गेला, विणताना वडील ज्यात पाय सोडून बसत त्या मागाच्या खड्ड्यावर फरशी बसली. हेमराज कंप्युटरच्या कामाला लागला. तुटलं तिथं सगळ्यांनी थांबायचं, एवढं मात्र अंगात राहिलं.

बायको मयुरी नोकरीसाठी पुण्याला गेली, सोबत मुलगी उन्नती. तिथली एक कंपनी हेमराजलाही घ्यायला तयार होती. क्लाउडवर चालणाऱ्या अ‍ॅपची रचना कशी करावी, याची परीक्षा तेवढी पास व्हायला हवी होती. तो दोनदा नापास झाला.

रविवारी त्याचा मित्र नागसेन चहा पीत त्याची तयारी घेई.

“दुकानाचं अ‍ॅप आहे. पैसे घेणारा भाग बंद पडला. काय करशील?”

“अ‍ॅप थांबवीन. आधी तो भाग दुरुस्त.”

“अबे, गिऱ्हाईकाले हाकलून देतं का? ऑर्डर रांगेत ठेव. बाकीचं चालू राहू दे.”

“आन् तो भाग उठलाच नाही तं?”

“तं दुसरा घेईल त्याची जागा. त्याच्यासाठीच तं क्लाउड आहे, बावा!”

नागसेन हसला. हेमराजनं कप खाली ठेवला.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. उन्नती सायकल शिकली होती.

“कोणी शिकवली वं?”

“खालच्या काकांनी. आता तर मी हात सोडून चालवते, बाबा.”

मग मयुरी म्हणाली, “तुम्ही अभ्यासाचं पाहा जी. आमची काळजी नका करू. इकडं सगळं चालू आहे.”

तिनं धीर द्यायलाच म्हटलं होतं. फोन ठेवल्यावर तो दिवा न लावता मागाच्या जागेवरच्या त्या फरशीवर बसून राहिला. तिकडे काहीतरी आपल्यासाठी अडून असावं असं त्याला वाटे. नळ गळत असावा, निदान एखादी खिडकी लागत नसावी.

तिसऱ्या वेळी सीताबर्डीच्या परीक्षा केंद्रात तोच प्रश्न आला, शब्द तेवढे वेगळे. उत्तर पाठ होतं. तरी ‘बाकीचं चालू ठेवा’ या ओळीवर खूण करताना, कुणी आपल्याकडून तशी कबुलीच लिहून घेत आहे असं त्याला वाटलं. त्यानं खूण केली.

तो पास झाला.

“अभिनंदन, सर!” काउंटरवरची मुलगी त्याचा जमा केलेला मोबाइल परत देत म्हणाली. “पहिले घरी सांगा. वाट पाहून राहिले असतील ना.”

त्यानं मोबाइल सुरू केला. कुणाचा मेसेज आलेला नव्हता. या वेळी उन्नती शाळेत असते, मयुरी कामात; तिकडं सगळं चालूच होतं. त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि दार ढकलून तो बाहेर पडला.