वहिनींचा फ्लेक्स

रोह्यात फ्लेक्स छापणाऱ्या भाऊंच्या दुकानात मी झाडलोट करते. पुढाऱ्यांचे फोटो छापताना भाऊ त्या फोटोंशीच बोलतात, "हसा साहेब, अजून थोडं हसा." त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, कॅन्सर झाल्यावरही ही सवय गेली नाही, फक्त आवाज बारीक झाला.

आमदार येणार त्या दिवशी भाऊंनी अष्टमी गावाकडच्या पुलाजवळ मोठा फ्लेक्स लावला. वर केस गेलेल्या वहिनींचा फोटो, खाली लिहिलं होतं, "साहेब, या रोगावर औषध शोधायला सरकारचा पैसा मागा."

आमच्याकडे बाईचा एकटीचा एवढा मोठा फोटो लागतो तो ती वारल्यावरच. आमदार उतरले, फोटोला हार घातला, हात जोडले. खालचं कोणी वाचलंच नाही.

"अहो, ती घरी हाय! जिवंत हाय!" भाऊ ओरडले.

"सावरा भाऊ," म्हणत कार्यकर्त्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. गाडी निघून गेली. मी शेजारीच उभी होते.

"हिला सांगू नको गो," भाऊ मला म्हणाले.

घरी वहिनी दारातच बसल्या होत्या. "काय म्हणाले साहेब?"

"बघतो म्हणाले."

"मग तोवर मला थांबायला हवं," वहिनी म्हणाल्या.